ग्राफीनवर धातूचे नॅनोपार्टिकल टाकून डोपिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या प्रोजेक्टवाली मुलं, पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले, अधूनमधून सेन्सर बनवणारे इंजिनिअर, सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न अगदी बेसिक आहेत, पुढे पुढे किचकट होत जातात. ज्याला जे हवं त्याने तेवढं वाचलं तरी चालेल, एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ग्राफीन आधीच एवढं भारी कंडक्टर आहे म्हणतात, मग त्याला डोप कशाला करायचं?

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी असलेला, फक्त एका अणूच्या जाडीचा थर. भारी आहे, पण कशात भारी ते बघा. करंट वाहायला दोन गोष्टी लागतात, चार्ज कॅरियर किती आहेत आणि ते किती सहज पळतात, म्हणजे मोबिलिटी. ग्राफीनची मोबिलिटी जबरदस्त आहे पण कॅरियर मुळात फार कमी, कारण शुद्ध ग्राफीनमध्ये फर्मी लेव्हल, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जेची पातळी, बरोबर डिरॅक पॉइंटवर असते, जिथे व्हॅलन्स बँड आणि कंडक्शन बँड एकमेकांना नुसते टेकतात आणि नेमक्या त्याच जागी इलेक्ट्रॉनला बसायला स्टेट्सच नसतात. डोपिंग म्हणजे ही फर्मी लेव्हल तिथून खाली किंवा वर ढकलायची. खाली गेली की होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, वाढतात, पी-टाइप. वर गेली की इलेक्ट्रॉन वाढतात, एन-टाइप.

आकड्यात सांगतो. एका चौरस सेंटीमीटर ग्राफीनमध्ये कार्बनचे अणू साधारण ३,८०० लाख कोटी असतात. त्यात एक लाख कोटी कॅरियर घातले, म्हणजे दर ३,८०० अणूंमागे जेमतेम एक, तरी फर्मी लेव्हल ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टने सरकते. एवढ्याशा चार्जने एवढा फरक पडतो म्हणून तर सगळे याच्या मागे आहेत. दहापट कॅरियर घातले तर मात्र दहापट सरकत नाही, ०.३७ पर्यंतच जाते, कारण ते कॅरियरच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतं.

२. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस-बोरॉन घालतात तसंच आहे का हे?

नाही, आणि हा फरक सुरुवातीलाच डोक्यात पक्का बसला पाहिजे. सिलिकॉनमध्ये बाहेरचा अणू जाळीत शिरतो आणि सिलिकॉनच्या अणूची जागा घेतो. ग्राफीनमध्येही तसं करता येतं, नायट्रोजन किंवा बोरॉन घालून, पण मग षटकोनांची जाळी बिघडते आणि कॅरियर तिथे आपटतात. नॅनोपार्टिकलवाल्या पद्धतीत जाळीला हातच लावायचा नाही, धातूचे कण वर बसतात आणि फक्त चार्जची देवाणघेवाण होते. त्याला सरफेस चार्ज ट्रान्सफर डोपिंग म्हणतात. जाळी शाबूत राहते हा मोठा फायदा, पण "शाबूत" म्हणजे मोबिलिटीला काहीच होत नाही असं समजू नका, त्यासाठी प्रश्न ७ वाचा.

३. कण नुसता वर बसलाय, चिकटलेलाही नाही, मग इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातोच कसा?

प्रत्येक मटेरियलचं वर्क फंक्शन असतं, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा. ग्राफीनचं साधारण ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. दोन वेगळ्या वर्क फंक्शनची मटेरियल जवळ आली की फर्मी लेव्हल एका पातळीवर येईपर्यंत इलेक्ट्रॉन वाहतात, आणि अंतर अर्धा नॅनोमीटरच्या आत असलं की टनेलिंगने, म्हणजे मधली फट इलेक्ट्रॉन आरपार ओलांडून, हे सहज होतं, केमिकल बाँड लागत नाही. इतकं शाळेच्या भाषेत झालं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात व म्हणतात की सोन्याचं वर्क फंक्शन ४.५ पेक्षा जास्त म्हणजे पी-टाइप, संपलं. पण संपत नाही.

धातू आणि ग्राफीन इतके जवळ आले की दोघांचे इलेक्ट्रॉन ढग एकमेकांवर चढतात आणि मधल्या फटीत एक डायपोल, म्हणजे समोरासमोर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह चार्जची जोडी, तयार होतो. हा डायपोल स्वतःच पोटेंशियलची एक पायरी टाकतो, आणि ती पायरी ग्राफीनला एन-टाइपकडे ढकलणारी असते. त्यामुळे पी आणि एन मधली सीमा ४.५ वर राहत नाही. २००८ मध्ये जिओव्हानेट्टी आणि सहकाऱ्यांनी हे गणित मांडलं तेव्हा ती सीमा साधारण ५.४ वर आली, जवळजवळ एक इलेक्ट्रॉन व्होल्टने वर. हा पेपर वाचल्याशिवाय या विषयात पाऊल टाकू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

४. मग कुठल्या धातूने एन होतं आणि कुठल्याने पी? एक यादी द्या ना.

यादी मागणारे सगळ्यात जास्त, आणि देतोही, पण नुसती यादी घेऊन पळू नका.

वरच्याच गणितात अॅल्युमिनियम, चांदी, तांबं, सोनं आणि प्लॅटिनम हे ग्राफीनला हलकेच धरणारे निघाले, म्हणजे ग्राफीनची बँड रचना तशीच राहते आणि फक्त फर्मी लेव्हल सरकते. त्यातले अॅल्युमिनियम, चांदी आणि तांबं एन-टाइप करतात, सोनं आणि प्लॅटिनम पी-टाइप. दुसरा गट म्हणजे निकेल, कोबाल्ट, पॅलेडियम आणि टायटॅनियम. हे ग्राफीनशी खरोखरचा बाँड करतात आणि तिथली डिरॅकवाली शंकूच्या आकाराची बँड रचनाच मोडून टाकतात, त्यामुळे त्यांच्या खालच्या भागाला "एन-डोप्ड ग्राफीन" वगैरे म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

आता गोम अशी की हे गणित सपाट, स्वच्छ, सलग धातूच्या पृष्ठभागासाठी केलेलं आहे. आपल्याकडे असतात पाच-दहा नॅनोमीटरचे गोळे, त्यांना कडा असतात, कोपरे असतात, वर कसलं तरी आवरण असतं, खाली पाण्याचा थर असू शकतो. ग्राफीनपासूनचं अंतर किंचित बदललं तरी डायपोल बदलतो आणि डायपोल बदलला की सीमा सरकते. म्हणून सांगतो, धातूचं नाव बघून एन की पी ठरवू नका, मोजून ठरवा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण प्रश्न १० मध्ये आहे.

५. डोपिंग झालं, पण किती झालं हे मोजायचं कसं?

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ट्रान्झिस्टर बनवायचा आणि गेट व्होल्टेज, म्हणजे ऑक्साइडपलीकडच्या इलेक्ट्रोडवरून कॅरियर कमी-जास्त करणारं व्होल्टेज, फिरवत रेझिस्टन्स मोजायचा. रेझिस्टन्सचा एक उंचवटा येतो, त्याचं शिखर म्हणजे डिरॅक पॉइंट. शिखर शून्यापासून उजवीकडे, पॉझिटिव्ह व्होल्टेजकडे असेल तर सॅम्पल पी-टाइप, डावीकडे असेल तर एन-टाइप.

सिलिकॉनवर ३०० नॅनोमीटर ऑक्साइड हे नेहमीचं सबस्ट्रेट, म्हणजे ग्राफीनखालचा आधार, धरू. त्याची कपॅसिटन्स चौरस सेंटीमीटरला सुमारे ११.५ नॅनोफॅरड, म्हणजे गेटच्या दर एका व्होल्टमागे ७,२०० कोटी कॅरियर. समजा सोनं टाकायच्या आधी शिखर ५ व्होल्टवर होतं आणि नंतर २५ वर गेलं, तर २० गुणिले ७,२०० कोटी, म्हणजे सुमारे १.४४ लाख कोटी होल वाढले. फर्मी लेव्हलच्या भाषेत, मूळ सॅम्पल जवळपास न्यूट्रल धरलं तर, ०.१४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. ऑक्साइड ९० नॅनोमीटरचं असेल तर दर व्होल्टमागे २४,००० कोटी येतात, म्हणून दुसऱ्याच्या पेपरमधले "२० व्होल्ट" आणि तुमचे "२० व्होल्ट" यांची थेट तुलना करू नका, आधी ऑक्साइडची जाडी बघा.

इथे दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे त्याच डिव्हाइसवर आधीची आणि नंतरची रीडिंग घ्यायची, आधीचं एका चिपवर आणि नंतरचं दुसऱ्या चिपवर असं केलेलं थीसिसच्या डिफेन्सला टिकत नाही, कारण दोन चिपमधलाच फरक कधी कधी दहा-वीस व्होल्टचा असतो. दुसरं, गेट पुढे नेताना आणि मागे आणताना शिखर वेगवेगळ्या जागी येतं, हिस्टेरिसिस, ते ऑक्साइडमध्ये अडकलेल्या चार्जमुळे आणि पाण्यामुळे होतं. स्वीपची दिशा आणि वेग लिहून ठेवा, नाहीतर स्वीपचा फरक डोपिंग म्हणून मोजला जाईल.

६. आमच्याकडे फक्त रामन आहे, ट्रान्झिस्टर बनवायची सोय नाही. रामनवरून चालेल का?

रामन म्हणजे लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून जाळीची कंपनं ओळखायची पद्धत. बऱ्यापैकी चालेल, पण डोळे उघडे ठेवून. ग्राफीनचा जी पीक साधारण १५८० ला आणि टूडी पीक २७०० च्या आसपास असतो (दर सेंटीमीटर या एककात). डोपिंग झालं, एन असो वा पी, की जी पीक वर सरकतो आणि बारीक होतो, आणि टूडीची उंची जीच्या तुलनेत कमी होते. एन की पी हे टूडीच्या जागेवरून कळतं: होल वाढले की तो वर जातो, इलेक्ट्रॉन खूप वाढले की खाली येतो. गेट व्होल्टेज बदलत बदलत रामन घेऊन हे सगळं नीट मोजून दाखवणारं २००८ चं काम बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या अजय सूद यांच्या गटाचं आहे, त्यात उमेश वाघमारे यांचा थिअरीचा भाग होता आणि पुढे ग्राफीनसाठी नोबेल मिळालेले गाइम-नोवोसेलोवही होते. आपल्याकडचं हे काम जगभर कॅलिब्रेशनसाठी वापरलं जातं, याचा अभिमान वाटायलाच हवा.

अडचण अशी की ग्राफीन ताणलं गेलं तरी पीक सरकतात. त्यासाठी जीची जागा एका अक्षावर आणि टूडीची दुसऱ्या अक्षावर घेऊन सगळे पॉइंट मांडा: निव्वळ ताण असेल तर ते साधारण २.२ च्या उताराने पसरतात, होल डोपिंग असेल तर ०.७ च्या आसपास. दुसरी अडचण खास आपल्या विषयातली. सोन्या-चांदीच्या कणांजवळ रामन सिग्नल प्लाझमॉनमुळे, म्हणजे प्रकाशाने धातूतले इलेक्ट्रॉन एकत्र डोलू लागल्यामुळे, फुगतो, आणि वेगवेगळ्या वेव्हलेंग्थला वेगवेगळा फुगतो, त्यामुळे जी आणि टूडीच्या उंचीचं गुणोत्तर इथे फसवतं. पीकच्या जागेवर विश्वास ठेवा, उंचीवर नको. आणि १३५० चा डी पीक नव्याने उगवलाय का ते बघा, उगवला असेल तर जाळीला इजा झाली आहे.

७. कण टाकले की मोबिलिटी कमी होते का? मग फायदा काय राहिला?

बहुतेक वेळा कमी होते, आणि फायदा आहे की नाही ते गुणाकारावर ठरतं. शीट रेझिस्टन्स, म्हणजे पातळ थराच्या एका चौरसाचा रेझिस्टन्स, हा कॅरियरची संख्या आणि मोबिलिटी यांच्या गुणाकाराच्या उलट प्रमाणात असतो. चौरस सेंटीमीटरला एक लाख कोटी कॅरियर आणि मोबिलिटी ३,००० (चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंद) असेल तर शीट रेझिस्टन्स येतो सुमारे २,०८० ओहम. डोपिंगने कॅरियर दहापट झाले आणि मोबिलिटी १,००० वर घसरली, तरी रेझिस्टन्स ६२५ वर येतो. पारदर्शक इलेक्ट्रोड बनवताय तर हा सौदा झकास. पण हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) किंवा हाय फ्रिक्वेन्सी ट्रान्झिस्टर बनवताय तर हाच सौदा तोट्याचा, कारण तिथे मोबिलिटीच हवी असते.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. सुटा अणू आणि कण यांच्यात फार मोठा फरक आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या कावाकामी गटाने ग्राफीन १८ केल्विनपर्यंत गार करून त्यावर सोन्याचे अणू टाकले. एवढ्या थंडीत अणू हलू शकत नाहीत, जिथे पडले तिथेच राहतात, आणि प्रत्येक अणू एक स्वतंत्र चार्ज होऊन कॅरियरना अडवतो, त्यामुळे मोबिलिटी पडली आणि डिरॅक पॉइंट सरकला. मग त्यांनी काय केलं, आणखी काहीही न टाकता तेच सॅम्पल खोलीच्या तापमानाला येऊ दिलं. अणू सरकत सरकत एकत्र आले, कण झाले, आणि सोनं तेवढंच असूनही मोबिलिटी वाढली आणि डिरॅक पॉइंट शून्याच्या दिशेने मागे आला. म्हणजे "किती सोनं टाकलं" एवढंच सांगणं अपुरं आहे, ते कुठल्या आकारात बसलंय हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. पेपर लिहिताना एएफएम किंवा एसईएमचा (सूक्ष्मदर्शकांचा) फोटो, कणांचा सरासरी आकार आणि दोन कणांमधलं अंतर एवढं तरी द्याच.

८. कण टाकायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

ज्याला मोबिलिटी आणि स्वच्छता महत्त्वाची त्याने इव्हॅपोरेशन. व्हॅक्यूममध्ये सोन्याचा एक-दोन नॅनोमीटरचा थर द्यायचा, तो थर म्हणून राहतच नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन आपोआप कण बनतो, कारण सोन्याला ग्राफीनपेक्षा स्वतःलाच चिकटायला जास्त आवडतं. नंतर २००-३०० डिग्रीला थोडं तापवलं की कण आणखी गोल आणि सुटे होतात. क्वार्ट्झ मॉनिटरवर दिसणारी "जाडी" ही सरासरी असते, खऱ्या कणांची उंची त्याच्या कितीतरी पट असू शकते, हे लक्षात ठेवा.

स्पटरिंग टाळा. कॉलेजात स्पटर कोटर सहज मिळतो म्हणून मुलं त्यानेच करतात आणि मग डी पीक का आला म्हणून विचारतात. त्यातले जोरात येणारे अणू-आयन एका अणूच्या जाडीच्या थराला भोकं पाडतात. दुसरा पर्याय नसेल तर पॉवर अगदी कमी ठेवा, सॅम्पल लांब ठेवा.

सोल्युशनवाली पद्धत स्वस्त. सायट्रेटने बनवलेलं लालसर सोन्याचं कोलॉइड, १९५१ मध्ये टर्केविचने नीट अभ्यासलेली रेसिपी, बहुतेक लॅबमध्ये जमते आणि १५-२० नॅनोमीटरचे बरेच एकसारखे कण मिळतात. पण कणाभोवती सायट्रेटचं निगेटिव्ह आवरण असतं आणि ते धातू व ग्राफीनच्या मध्ये येतं, त्यामुळे दिसणारा परिणाम सोन्याचा की आवरणाचा हे कळत नाही. म्हणून एक कंट्रोल सॅम्पल कण न घालता नुसत्या सायट्रेटच्या पाण्याचं करायचंच. हे कंट्रोल नसलेले पेपर मी तरी जरा बाजूलाच ठेवतो.

९. गोल्ड क्लोराइड स्पिन कोट केलं तर तेही नॅनोपार्टिकल डोपिंगच ना?

स्पिन कोट म्हणजे सॅम्पल गरगर फिरवत त्यावर द्रावणाचा पातळ थर देणं. नाव तेच देतात, पण आत घडतं वेगळं. गोल्ड क्लोराइडमधला सोन्याचा आयन इलेक्ट्रॉनसाठी फार भुकेला असतो, तो ग्राफीनमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि स्वतः धातू होऊन कण बनतो. म्हणजे इथे कण हा डोपिंगचं कारण कमी आणि झालेल्या डोपिंगची खूण जास्त. शिवाय मागे राहिलेलं क्लोराइड पी-डोपिंग टिकवून धरतं. पुरावा हवा असेल तर सॅम्पल तापवून बघा, क्लोरीन निघून जातं आणि सोन्याचे कण जागेवर असूनही डोपिंग उतरतं.

शीट रेझिस्टन्स पाडायला ही पद्धत जोरदार आहे. पण कण बेभरवशाचे वाढतात, काही चांगलेच मोठे होतात, आणि ओएलईडीसारख्या (ऑरगॅनिक थरांच्या एलईडीसारख्या) डिव्हाइसमध्ये वरचे सगळे ऑरगॅनिक थर मिळून शंभर-दोनशे नॅनोमीटरचे असतात, तिथे एखादा टोकदार कण सरळ आरपार शॉर्ट करतो. अशा ठिकाणी कण न बनवणारे डोपंट बरे. २०१० मध्ये कोरियात सॅमसंग आणि सुंगक्युनक्वान विद्यापीठाने ३० इंची ग्राफीन शीट केली तेव्हा चार थर आणि नायट्रिक ॲसिडचं डोपिंग वापरून ९० टक्के पारदर्शकतेला सुमारे ३० ओहम मिळवले होते, धातूचा एक कणही न वापरता.

१०. प्लॅटिनम टाकलं, पी-टाइप यायला हवं होतं, एन-टाइप आलं. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. २००९ मध्ये त्याच रिव्हरसाइडच्या गटाने व्हॅक्यूममध्येच मोजमाप करत टायटॅनियम, लोखंड आणि प्लॅटिनम टाकून बघितलं. तिन्हींनी एन-टाइप केलं, प्लॅटिनमनेसुद्धा, ज्याचं वर्क फंक्शन ग्राफीनपेक्षा कितीतरी जास्त आहे. थर भरपूर जाड केल्यावर प्लॅटिनम कधी एन, कधी हलकं पी दाखवू लागलं. कारण तेच, प्रश्न ३ मधला डायपोल.

तरी गाइडला दाखवायच्या आधी एक तपासा. हवेत ठेवलेलं ग्राफीन पाणी, ऑक्सिजन आणि ट्रान्सफरच्या वेळचं, म्हणजे ग्राफीन एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर नेताना लावलेलं पीएमएमए प्लास्टिक, यांच्यामुळे आधीच पी-टाइप असतं. धातू टाकायला सॅम्पल व्हॅक्यूममध्ये गेलं आणि जरा तापलं की ही घाण उडते आणि डिरॅक पॉइंट आपोआप शून्याकडे सरकतो. धातूने काहीच केलं नाही तरी "एन-टाइप झालं" असं दिसतं. म्हणून एक सॅम्पल त्याच चेंबरमध्ये तोंडावर झाकण ठेवून ठेवायचं, तेवढंच तापवायचं, धातू मात्र पडू द्यायचा नाही. त्याच्याशी तुलना करून जो फरक उरेल तो धातूचा.

११. डोपिंगने बँड गॅप येतो का? आमच्या प्रोजेक्टच्या टायटलमध्ये तसं आहे.

नाही येत. वर बसलेल्या कणांनी फर्मी लेव्हल सरकते, गॅप उघडत नाही. त्यामुळे लॉजिकचा ट्रान्झिस्टर, जो पूर्ण बंद व्हायला हवा, तो यातून होणार नाही. टायटल बदला.

१२. चांदी-अॅल्युमिनियमने एन-टाइप केलं, आठवड्याने बघितलं तर गायब. का?

अॅल्युमिनियमचा पाच नॅनोमीटरचा कण हवेत आला की काही क्षणात बराचसा ऑक्साइड होतो, मग द्यायला इलेक्ट्रॉन उरतात कुठे. चांदी हळूहळू काळी पडते, हवेतल्या सल्फरमुळे, आपल्या घरच्या निरांजनासारखीच, आणि पावसाळ्यात दमटपणामुळे आणखी लवकर. त्यात हवेतून येणारं पी-डोपिंग आहेच, ते एन-टाइपला खात राहतं. सोनं या बाबतीत निर्धास्त.

एन-टाइप टिकवायचं तर धातू टाकल्यावर व्हॅक्यूम न मोडता वर आवरण द्या, नाहीतर निदान नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये मोजा. नुसत्या डेसिकेटरवर भागत नाही, तो ओल थांबवतो, ऑक्सिजन नाही.

१३. पॅलेडियमच्या हायड्रोजन सेन्सरमध्ये गॅस सोडला की काहींचा रेझिस्टन्स वाढतो, काहींचा कमी होतो. खरं कोणाचं?

दोघांचंही. पॅलेडियमवर हायड्रोजनचा रेणू फुटतो, सुटे अणू धातूत शिरतात, वर्क फंक्शन कमी होतं आणि ग्राफीनकडे इलेक्ट्रॉन जातात. इथपर्यंत सगळ्यांचं सारखं. ग्राफीन आधी पी-टाइप असेल, जे हवेत नेहमीच असतं, तर आलेले इलेक्ट्रॉन होलना संपवतात आणि रेझिस्टन्स वाढतो. एन-टाइप असेल तर कमी होतो. आणि डिरॅक पॉइंटच्या अगदी जवळ काम करत असाल तर आधी वाढून मग कमी होताना दिसेल, ते बघून सेन्सर बिघडला असं समजू नका. सेन्सरवाल्यांनी आधी प्रश्न ५ प्रमाणे आपला डिरॅक पॉइंट कुठे आहे हे मोजून, मग गॅस सोडावा.

१४. लाइट टाकल्यावर डोपिंग बदलतं, हे खरंच होतं की सॅम्पल तापल्यामुळे तसं दिसतं?

दोन्ही होऊ शकतं. सोन्याचे छोटे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश आणि चांदीचे ४०० च्या आसपासचा जोरात शोषतात, त्यातून ऊर्जा मिळालेले गरम इलेक्ट्रॉन ग्राफीनमध्ये उडी मारतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात २०१२ मध्ये हे प्लाझमॉनने होणारं डोपिंग दाखवलं गेलं. शिवाय ग्राफीनचा एक थर फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो, कणांभोवती प्रकाश एकवटला की ही कमतरता भरून निघते, म्हणून फोटोडिटेक्टरवाल्यांना हे कण आवडतात. २०११ मध्ये याच मार्गाने फोटोव्होल्टेज सुमारे २० पट वाढवून दाखवलं होतं.

तापण्यापासून वेगळं काढायचं तर लेसरचा रंग बदला. परिणाम कणांच्या शोषणाच्या वक्राबरोबर वर-खाली होत असेल आणि प्रकाश बंद केल्यावर मूळ जागी परतत असेल, तर प्लाझमॉनचा पक्ष मजबूत होतो. पण कण स्वतःही त्याच रंगाला जास्त तापतात, म्हणून पॉवर बदलून आणि बंद केल्यावर किती वेळात उतरतं तेही मोजा. परत येतच नसेल तर प्रकाशाने पृष्ठभागावरचं पाणी-ऑक्सिजन उडवलं असण्याची शक्यता जास्त.

१५. आम्ही ग्राफीन ऑक्साइड रिड्यूस करून त्यात चांदी घातली, कंडक्टिव्हिटी कितीतरी वाढली. हे डोपिंग म्हणून लिहू का?

थांबा. रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड म्हणजे हजारो तुकड्यांचा ढीग, भोकं आणि उरलेल्या ऑक्सिजनसकट, आणि तिथे रेझिस्टन्स मुख्यतः एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना येतो. चांदीचे कण त्या जोडांमध्ये बसून पूल बांधतात आणि बनवताना वापरलेला सोडियम बोरोहायड्राइड ऑक्साइडला आणखी रिड्यूसही करतो. कंडक्टिव्हिटी या दोन्ही कारणांनी वाढते. डोपिंग झालंही असेल, पण ते हॉल मेजरमेंटने (चुंबकीय क्षेत्रात कॅरियर मोजून) किंवा वर्क फंक्शन मोजून वेगळं दाखवावं लागेल. तसं केलं नसेल तर "कंपोझिट" लिहा, त्यात काही कमीपणा नाही, सुपरकपॅसिटर आणि इंकसाठी ते मटेरियल उत्तमच आहे.

१६. कण टाकलेच नाहीत तरी एका बाजूला वेगळं डोपिंग दिसतं, ते कशामुळे?

तुमच्या कॉन्टॅक्टमुळे. सोर्स-ड्रेनचा, म्हणजे करंट आत-बाहेर नेणाऱ्या दोन टोकांचा, धातूही खालच्या ग्राफीनला डोप करतो आणि तो परिणाम कडेपासून चॅनेलमध्ये बराच आत पसरतो. चॅनेल अगदी छोटा, एखाद्या मायक्रॉनपेक्षा कमी असेल तर कॉन्टॅक्टचं डोपिंग आणि कणांचं डोपिंग वेगळं काढणं अवघड होतं. चॅनेल लांब ठेवा आणि चार टोकांनी मोजा.

१७. कणांनी डोपिंगपेक्षा वेगळं काही होऊ शकतं का?

हो, आणि हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात. कथलाचा थर ग्राफीनवर दिला की तोही सोन्यासारखाच आपोआप सुट्या बेटांत मोडतो. कथील ३.७ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं, म्हणजे रेझिस्टन्स शून्य. बेटं एकमेकांना टेकलेली नसताना, मधल्या ग्राफीनमधून त्यांची जोडी जमते आणि पूर्ण शीटच सुपरकंडक्टर होते, आणि गेट व्होल्टेजने हे बदलताही येतं. बर्कलीत २०१० मध्ये आणि नंतर २०१२ मध्ये ग्रेनोबलच्या गटाने हे दाखवलंय. इथे कथील इलेक्ट्रॉन देतं हे आहेच, पण मुख्य काम प्रॉक्सिमिटीचं, म्हणजे शेजारच्या सुपरकंडक्टरचा गुण ग्राफीनमध्ये उतरण्याचं, आहे.

१८. आमच्या कॉलेजात क्लीनरूम नाही, ई-बीम नाही. मग हे सोडून द्यायचं का?

अजिबात नाही. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम चालतो, तो बाहेरच्या कॉलेज-विद्यापीठांतल्या लोकांना तिथली यंत्रं वापरता यावीत यासाठीच आहे. नंतर त्यात आणखी आयआयटी जोडल्या गेल्या. छोटं ट्रेनिंग, मग प्रपोजल, असा रस्ता असतो. प्रपोजलमध्ये "ग्राफीन डोप करायचं आहे" एवढंच लिहू नका. कोणता धातू, किती नॅनोमीटर, कुठलं सबस्ट्रेट, कंट्रोल सॅम्पल कोणतं आणि आधी-नंतर काय मोजणार, हे अर्ध्या पानात लिहा. ग्राफीन सीव्हीडीचं, म्हणजे गरम तांब्यावर वायूतून वाढवलेलं, विकत मिळतं. ट्रान्सफर मात्र स्वतःच्या लॅबमध्ये शिकून घ्या, तांबं विरघळवायला अमोनियम परसल्फेट वापरा, फेरिक क्लोराइड शक्यतो नको, त्याचं लोखंड मागे राहतं आणि तेही डोप करतं. नंतर डीआय (आयन काढलेल्या शुद्ध) पाण्याच्या ताटल्या बदलत बदलत नीट धुवायचं. इथे घाई केलेल्या सॅम्पलवर पुढे कितीही महागडं यंत्र लावलं तरी आकडे स्थिर येत नाहीत.